दाढदुखीचं निमित्त

बेळगावात खडेबाजारातल्या त्या माडीचा जिना जो कोणी चढायचा, तो गालावर हात धरूनच चढायचा. माडीवर डाव्या हाताला मारुतीरावांचा दातांचा दवाखाना आणि उजव्या हाताला धर्मराजची खोली. दाढ दुखण्याची लाज कुणाला नाही, मन दुखण्याची मात्र साऱ्या गावाला. मग काय, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेली माणसं कण्हत कण्हत वर यायची, आणि वर पोचली की हात खाली घेऊन गुपचूप उजवीकडं वळायची. मारुतीराव म्हणायचे, धर्मराज, माझ्या नावावर तुझं दुकान चालतंय बघ.

धर्मराज मानसोपचाराचं शिक्षण घेऊन बंगळूरहून आला आणि ऐंशी साली त्यानं ही खोली उघडली. तीन वर्षं लोकांच्या खुळ्या समजुती खोडता खोडता त्याचंच डोकं फिरायची पाळी आली होती. कुणाला वाटायचं, हा डोळ्यांत बघून मनातलं वाचतो. ते आपले जमिनीकडं बघूनच बोलायचे. येळ्ळूरहून एकजण पोराला घेऊन आला आणि म्हणाला, ह्याला एक सुई टोचा, म्हणजे लग्नाला हो म्हणेल. नुसतं बोलून काय होतंय, आमच्या कट्ट्यावर काय कमी बोलतात, असं विचारणारे तर रोजचेच. धर्मराज चिडायचा, मग हसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा की बाबांनो, इथं वेडे नाही, माणसं येतात, आणि इथं सांगितलेलं दाराबाहेर जात नाही.

त्याला स्वतःला मात्र एकाच माणसाचं ऐकायचं होतं, आणि ते माणूस बोलत नव्हतं. ती त्याची आई, सोनुबाई. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं उभा जन्म काढलेला. धर्मराज पाच वर्षांचा असताना त्याचा बाप, देवाप्पा, घरातून गेला तो परत आलाच नाही. जायच्या आधी काही महिने तो भिंतीशी बोलत बसायचा, एवढंच शेजारच्यांकडून कळलेलं. त्याला धारवाडला नेऊन सोडलं म्हणणारे होते. वेड्यांचं इस्पितळ तिकडं, त्यामुळं आमच्या भागात धारवाड म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. विहिरीत गेला म्हणणारेही होते. शाळेत पोरं धर्मराजला येड्याचं पोर म्हणायची.

घरात बापाचा फोटो नाही, सदरा नाही, नाव नाही. चौदा वर्षांचा असताना त्यानं एकदाच विचारलं. आईनं हातातला घास ताटात ठेवला, उठली, आणि दोन दिवस जेवली नाही. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. पण खरं सांगायचं तर, दुसऱ्याला बोलतं करायची विद्या तो शिकला ती ह्या एका बाईसाठी. इतकी माणसं त्याच्यापुढं मोकळी झाली, आई काही झाली नाही. बाप कसा हसायचा, कसा चालायचा, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी त्याचा जीव निवला असता.

एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, जिन्यानं एक म्हातारी वर आली. पदराआडून गाल दाबून धरलेला. ही डावीकडं वळतेय की उजवीकडं, असं धर्मराज दारात उभा राहून बघत होता, तोवर तिनं हात काढला. आई! तिच्या तोंडात दात उरले होते मोजून चार. दुखायला दाढ होतीच कुठं?

निपाणीहून गाडीनं एकटीच आली होती. वखारीतल्या मनुबाईची सून इथं येऊन सावरली, तिनंच जिन्याची आणि गालाची युक्ती सांगितलेली. सोनुबाई पाणी प्याली, भाकरीचं फडकं छातीशी धरून उभी राहिली, खोलीभर नजर फिरवली.

"हितं सांगितल्यालं भाईर जात न्हाय म्हणत्यात. खरं काय रं?"

"खरं आई."

"तुझ्या बाचं सांगायचं हाय. आता सोसत न्हाय."

तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हे असं, भर सकाळी, दारात येऊन उभं राहिलं. धर्मराजनं खुर्ची ओढली. आई बसली नाही.

"तुला न्हाय," ती म्हणाली. "लेकाच्या तोंडाकडं बघून मला ते बोलाय यायचं न्हाय. दुसरं कोण हाय का तुझ्यावाणी?"

होती. पलीकडच्या खोलीत नागवेणी बसायची, त्याच्याबरोबरच शिकलेली, गोकाकची. मधली भिंत नुसती फळ्यांची. पलीकडं कुणी खाकरलं तरी अलीकडं ऐकू यायचं. म्हणून एकाकडं माणूस आलं की दुसरा बाहेर जायचा, असं दोघांनी ठरवून टाकलेलं. आता हसावं की रडावं, धर्मराजला कळेना. त्यानं नागवेणीला सांगितलं की ही माझी आई, तुझ्याकडं आलीय.

दार लागलं. त्यानं बाहेर जायला हवं होतं. तो आपल्या खुर्चीत बसून राहिला. पलीकडं नागवेणीनं काहीतरी विचारलं. मग आईचा बारीक आवाज आला, आणि पहिलाच शब्द त्याला स्वच्छ ऐकू आला. देवाप्पा. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बापाचं नाव आईच्या तोंडून तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

अजून एक वाक्य, त्याचा जीव म्हणाला. एकच. कुणाला कळणार आहे? बाप माझा आहे, माझा हक्क आहे. आणि हक्क होताच, खोटं कशाला बोला. तरी तो उठला. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या, जिना उतरला आणि रस्त्यावर उन्हात जाऊन उभा राहिला. त्याला मोठ्यानं रडायचं होतं. भरबाजारात रडणार कसा? त्यानं गालावर हात धरला.

पानवाल्या परशरामनं विचारलं, काय हो डॉक्टर, दाढ काय?

"व्हय," धर्मराज म्हणाला. "लई दुखतीया."

सव्वा तासानं आई खाली आली. डोळे सुजलेले, पण चाल मोकळी होती. पुढच्या मंगळवारी परत येणार म्हणाली. काय सांगितलं ते तिनं सांगितलं नाही, आणि नागवेणी तर मेली तरी सांगणार नव्हती. दोघं स्टँडवर गेली, बाकावर बसून चहा मागवला. धर्मराजच्या ओठावर शंभर प्रश्न आले आणि त्यानं ते गिळले. चहा बशीत ओतून तो फुंकत बसला.

आई त्याच्याकडं बघत राहिली.

"तुझा बा बी असाच फुंकायचा," ती म्हणाली. "गार झालाय म्हटलं तरी फुंकायचा."

तेवढ्यात निपाणीची गाडी लागली. आई चढली, खिडकीशी बसली, गाडी वळणाआड गेली. धर्मराज बाकावर परत आला आणि उरलेला चहा त्यानं बशीत ओतला. चहा कधीच गार झाला होता. तो फुंकत राहिला.