हसण्याआधीचा शिंपी

फोटो छापणाऱ्या लॅबवाल्याकडून प्रदर्शनाच्या नमुन्याच्या प्रिंट आल्या, तेव्हा सूनबाईने त्या टेबलावर मांडल्या आणि चहाच्या निमित्ताने आत सटकली. एरवी ती माझ्या मागे उभी राहून "कसं वाटतंय बाबा?" असं विचारून भंडावून सोडते. आज एक अक्षर बोलली नाही. मला तिथेच खटकलं.

मी एक प्रिंट उचलून कानाशी धरली. हसू नका. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेत. समोर धरलेलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. माणसाशी बोलतानाही मला त्याच्या खांद्यापलीकडे बघावं लागतं आणि लोकांना वाटतं, म्हातारा शिष्ट आहे. शिष्ट मी आधीपासूनच आहे, डोळ्यांनी फक्त निमित्त दिलं.

प्रिंट आमच्या गल्लीतल्या शिंप्याची होती. रस्ता रुंद करायला ती गल्ली पाडली. त्याआधी मी एकेकाला त्याच्या जागी बसवून फोटो काढले होते: किल्लीवाला, न्हावी, दवाखान्यातली नर्स, हा शिंपी. मग डोळे जायला लागले. डॉक्टर म्हणाला, जे काही डोळे भरून बघायचं असेल ते आता बघून घ्या. लोक अशा वेळी समुद्र बघतात, डोंगर बघतात. मी कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून हेच चेहरे बघत बसलो. कुणाच्या गालावर किती उजेड ठेवायचा, कुठली सुरकुती झाकायची नाही, एकाच माणसाच्या पंधरावीस फोटोंतला कुठला निवडायचा. शेवटचा फोटो हातावेगळा केला आणि थोड्याच दिवसांत मधलं सगळं पुसलं गेलं. या जन्मी मी जे शेवटचं नीट पाहिलं ते या फोटोंत होतं. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन लागणार होतं, आणि खरं सांगायचं तर त्या एका गोष्टीवर मी दिवस काढत होतो.

प्रिंटचे चारही कोपरे काळे होते.

माझ्या फोटोंचे कोपरे काळे नसतात. आयुष्यात कधी नव्हते. मधल्या चेहऱ्याकडे लक्ष जावं म्हणून कडा काळवंडून टाकणं ही मला लबाडी वाटते. या एका गोष्टीवरून मी मित्रांशी अबोला धरलेला आहे.

"सूनबाई, बाहेर ये. कप खाली ठेव आणि ये."

ती आली. मी तिच्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, "हे कोपरे कुणी काळे केले?"

"लॅबवाल्याने केले असतील, बाबा."

"लॅबवाला माझ्या फोटोला बोट लावत नाही. एकदा लावलं होतं. अजून मी रस्त्यात दिसलो की तो बाजू बदलतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली होती.

"कॅटलॉग गेला," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले."

कॅटलॉग म्हणजे फोटो नव्हेत. फोटो वेगळ्या डिस्कवर असतात, कॅमेऱ्यातून निघाले तसे, कोरे. आपण त्यांच्यावर जे जे करतो, उजेड वाढवतो, सावली धरतो, हा ठेव आणि तो नको असं ठरवतो, ते सगळं कॅटलॉग नावाच्या एका फाइलमध्ये जातं. ती फाइल गेली की कोरे फोटो तेवढे हातात राहतात.

"बॅकअप कुठे गेला? दर शनिवारी घेतेस ना?"

"घेतला. एकही शनिवार चुकवला नाही."

तिने नाही चुकवला, हे मलाही माहीत होतं. ती बाई कॅटलॉगला तळहाताच्या फोडासारखी जपायची. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. फाइल आतून कधीचीच बिघडली होती. उघडत होती, चालत होती, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. दर शनिवारी तिने बिघडलेल्या फाइलचीच प्रत काढली. सूनबाईला पसारा सोसत नाही. शिळं तिच्या घरात राहत नाही, मग ते फ्रिजमधलं असो की कॉम्प्युटरमधलं. नव्या दोन प्रती ठेवायच्या, जुन्या काढून टाकायच्या, हा तिचा नेम. त्या जुन्या प्रतींतच कुठेतरी धडधाकट कॅटलॉग होता. एक दिवस फाइल उघडेना. तिने दोन्ही प्रती उघडून पाहिल्या, त्याही उघडेनात.

"प्रत काढण्याआधी फाइल धड आहे का, ते तपासू का, असं विचारतो ना प्रोग्रॅम?"

"विचारतो. मी त्या तपासणीपुढची खूण काढून टाकली होती." ती पुढे म्हणाली, "तपासायला वेळ लागायचा. तोवर कॉम्प्युटर अडकून राहायचा आणि मग ओरडा व्हायचा."

कुणाचा ओरडा, ते ती बोलली नाही. घरात ओरडणारा माणूस एकच आहे.

तेवढ्यात चिरंजीव बाहेर आले. आमच्या चिरंजीवांना दोन माणसं गंभीर दिसली की तोडगा काढल्याशिवाय चैन पडत नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण फोटो आहेत ना सगळे? मग गेलं काय?"

मी ओरडायला तोंड उघडलं. माझ्याऐवजी तीच बोलली.

"बाबांनी बघितलेलं गेलं," ती म्हणाली. "तू आत जा."

तो गेला. मी प्रिंट हातात धरून बसलो. सुनेपुढे रडायचं नाही एवढंच मी ठरवू शकलो.

"मग हे फोटो?"

"मी केले. तुम्ही करत होतात तेव्हा मी शेजारीच असायचे. आठवेल तसं केलं."

"नर्सच्या डोळ्यांखाली?"

"काळं तसंच ठेवलंय. रात्रपाळीची बाई आहे, पुसलंस तर तिचे कष्ट पुसशील, असं म्हणाला होतात."

म्हणालो असेन. मला आठवत नव्हतं.

"एवढं सगळं आठवलं, आणि कोपरे आठवले नाहीत? दहा वर्षं कानीकपाळी ओरडतोय मी."

तिने माझ्या हातातली प्रिंट काढून घेतली. मग हळूच म्हणाली, "आठवले होते, बाबा. मला वाटलं, कडा काळ्या केल्या तर मधलं उजळ होईल. निदान हे तरी तुम्हाला दिसेल."

डाग डोळ्यांत आहे, फोटोत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी तिने करून पाहिलं होतं. तिला रागावायचं म्हणून मी जे जे तोंडात जमवलं होतं, ते गिळून टाकलं.

"काढून टाक," मी म्हणालो. "सगळ्या फोटोंचे कोपरे मोकळे कर. आत्ता. मी बसतो शेजारी."

आम्ही पडद्यापुढे बसलो. ती एकेक फोटो उघडून काळेपणा काढत गेली आणि मान वळवून मला कडा दिसत गेल्या. न्हाव्याच्या आरशाचा फुटका कोपरा. किल्लीवाल्याच्या खिळ्यांची रांग. चेहऱ्यांसाठी मला तिच्या शब्दावर विसंबावं लागत होतं. शिंप्यापाशी आल्यावर ती थबकली.

"बाबा, याचंच मला नक्की आठवत नाही. एकात तो हसतोय. एकात हसण्याआधीचा आहे, ओठ नुसते हलायला लागलेत. मी हसरा घेतला. तुम्ही कुठला निवडला होता?"

मी डोळे मिटले. शिंप्याचं दुकान आठवलं, गळ्यातली टेप आठवली, शिलाई यंत्राचा तेलकट वास आठवला. त्या दोन फोटोंवर मी एक अख्खी दुपार घालवली होती, हेही आठवलं. निवडला कुठला, ते आठवेना. आठवायची गरजच कधी पडली नव्हती. कॅटलॉगमध्ये होतं ना, मग डोक्यात कशाला ठेवू?

गल्ली पाडल्यावर शिंपी मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. त्याला विचारण्यात अर्थही नव्हता म्हणा.

ती वाट बघत होती. माहीत नाही असं म्हणालो असतो, तर इतका वेळ ती जे जुळवत आणत होती त्यातलं कुठलंच माझं राहिलं नसतं.

"हसण्याआधीचा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. मीच निवडलाय ना."

माउसचा आवाज झाला. "मलाही तोच वाटत होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. मी ती हिरावून घेतली नाही.

काम संपलं. तिने प्रोग्रॅम बंद करायला घेतला आणि पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण ती थांबली.

"तपासणीची खूण करते, बाबा. वेळ लागेल. बैल गेला आणि झोपा केला, पण करते."

"कर. मी बसतो."

कॉम्प्युटर घरघरायला लागला. चहा निवून गेला होता. ती नखं कुरतडत पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्या खांद्यापलीकडे भिंतीकडे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "झालं. फाइल अगदी धड आहे म्हणतोय. काही चूक सापडली नाही."

"ही प्रत पुसू नकोस," मी म्हणालो.