सगळ्यात हिरवा उतार

ऑफिसात तिला भिंगरी म्हणत, कारण खुर्चीत ती सलग दहा मिनिटं टिकेल तर शपथ. त्या सकाळी मामाच्या अंगणातही तिचा पाय ठरत नव्हता. तापावरच्या औषधी मुळीला कुठली जमीन मानवेल, याचा नकाशा तिने वर्षभर खपून केला होता. माती, ऊन, पाऊस, उंची असं सगळं कॉम्प्युटरला भरवल्यावर सर्वांत गडद हिरवा पट्टा उमटला तो नेमका मामाच्या घरामागच्या उतारावर. आता तिथे जाऊन मुळी डोळ्यांनी पाहायची आणि फॉर्म भरायचा, की उतार राखीव. मग त्याला कुणी हात लावणार नव्हतं. तेवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

मामा मुळ्या खणणारा. झाडपाला ती त्याचं बोट धरूनच शिकली. तीन रोपांतलं एकच खणायचं आणि बी धरलेल्याला शिवायचंही नाही, हे त्याने तिला धपाटे घालून शिकवलं होतं.

"चल ना मामा, ऊन चढेल."

"चहा घे आधी. उतार कुठे पळून जातोय?"

"दुसऱ्यांदा ठेवतोयस चहा."

मामाने आधण उतरवलं आणि चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. मामा हसला नाही. ती त्याच्यासाठी न थांबता वर निघाली.

उतारावर खड्डेच खड्डे होते. वरपासून खालपर्यंत एक रोप उभं नव्हतं. बी धरलेली रोपंही सुटली नव्हती, त्यांचे सुकलेले शेंडे बाजूला पडले होते.

मामा धापा टाकत मागून आला.

"कुणी केलं हे?"

"मी."

ती रागाने गर्रकन वळली. "तू? मला नियम शिकवणारा तू?"

"महिन्यापूर्वी तुझाच फोन आला ना. म्हणालीस, मामा, तुझा उतार नकाशात सगळ्यात हिरवा आलाय, आता सगळ्यांना दिसेल." तो खाली बसला. "म्हटलं, आता सगळे येणार, ओरबाडून नेणार. परक्यांनी नेण्यापेक्षा आपणच..."

"अरे, राखण्यासाठी काढलाय नकाशा."

"ते नाही बोललीस तू."

नव्हतीच बोलली. आनंदाच्या भरात बढाई मारून तिने फोन ठेवला होता, आणि ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने तिने फॉर्म काढला. मुळी आढळली का? नाही. कारण? खोदकाम. खाली शेवटचा रकाना होता: खोदणाऱ्याला जागेचं महत्त्व कुणाकडून कळलं?

ती थबकली तसा, खणणाऱ्याचं नाव विचारलंय असं वाटून मामा म्हणाला, "लिही माझं नाव. मी कुठे नाही म्हणतोय?"

तिने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.