बोलकं यंत्र

“आवाज अजून वाढवा,” पायलटबाई म्हणाल्या.

दुकानदाराने कळ दाबली. “दोनशे मीटरवर डावीकडे वळा,” यंत्र इतक्या जोरात बोललं की पलीकडे इस्त्री निवडत उभं असलेलं जोडपं दचकून डावीकडे बघू लागलं.

“काकू, आवाज काय घेऊन बसलात? पडदा बघा. हे दुसरं मॉडेल बघा, केवढा मोठा पडदा आहे. काकांना बसल्या जागी सगळं दिसेल. बाण, वळण, पुढचा चौक.”

“पडदा नको. आवाज चांगला हवा.”

“पण काकांना तर...” दुकानदार अडखळला. काका, म्हणजे बॉयलरमामा, बाईंच्या शेजारीच उभे होते. “गाडी कुठे लावलीत?” या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आत्ताच “मुलगा ना? तो तिकडेच असतो, परदेशात,” असं हसतमुखाने उत्तर दिलं होतं.

मामांचे कान कारखान्याने खाल्ले. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला. कानात घालायचे बोळे तिथे आले ते मामा निवृत्त होण्याच्या वर्षी, आणि तेही मापाचे नव्हते. कानाला लावायचं मशीन मुलाने घेऊन दिलं होतं. पण गाडीत बसलं की ते शिट्ट्या मारायचं, म्हणून मामा ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. खिशाला स्वच्छ ऐकू येत असणार.

तरी मामांना गाडी चालवायची भारी हौस. जुनी का होईना, एक गाडी त्यांनी घेतलीच. मागचा भोंगा ऐकू यायचा नाही, शेजारून कोणी ओरडलं तर कळायचं नाही. म्हणून बाई शेजारी बसू लागल्या, आणि बसल्या त्या कायमच्या. मामांची नजर रस्त्यावर, बाईंची पाट्यांवर आणि कान सगळीकडे. ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोघांनी आपली एक रीत ठरवून टाकली. मामांच्या हातावर एक टिचकी म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. तळवा ठेवला की सरळ. आणि चिमटा म्हणजे ब्रेक. नव्या गावात गेलं की संध्याकाळी मामांच्या दंडावर दोनतीन निळे डाग असायचेच. नातेवाइकांनी बाईंना ‘पायलटबाई’ म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेने. बाईंना ते नाव मनापासून आवडायचं. रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाईला आणखी कोण पायलट म्हणणार होतं?

आता मुलाने दोघांची तिकिटं काढली होती. परदेशात गाडी भाड्याने घ्यायची आणि दहा दिवस डोंगरातून, तळ्यांच्या काठाने हिंडायचं. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणजे गाडी मामाच चालवणार. मामा हरखून गेले होते. तिकडे स्टिअरिंग उलट्या बाजूला असतं म्हणून स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडून त्यांनी बाईंना उजवीकडे बसवलं आणि हातात ताट धरून सराव केला. पहिल्याच वळणावर बाईंनी सवयीने चिमटा काढला आणि ताट खाली पडलं. दोघं पोट धरधरून हसले.

त्या हसण्यात बाई एकट्याच रडकुंडीला आल्या होत्या. कारण ताट कुठे पडलं ते त्यांना दिसलं नव्हतं.

नजरेचं दिवाळं सुईपासून निघालं होतं. दोरा ओवला जाईना. मग घड्याळाचे काटे गेले, मग समोरच्या माणसाचं नाक. माणूस दिसायचा, त्याचे कान दिसायचे, केस दिसायचे, पण मधे धुरकट काहीतरी. बाई एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. “मधलं जाणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कडेकडेचं राहील. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. घरी कोण आहे? त्यांना घेऊन या.”

बाईंनी कुणालाही नेलं नाही. मामांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तिकिटं रद्द करायला लावली असती. आणि नंतर गाडीही विकली असती. पायलट आंधळा म्हटल्यावर बहिऱ्या ड्रायव्हरने काय करायचं? जन्मभर त्या माणसाने आग आणि वाफ बघितली होती, त्याला ती तळी बघायची होती. बाईंनाही बघायची होती. डोंगर मोठे असतात, ते कडेने का होईना, दिसतील. प्रश्न फक्त पाट्यांचा होता. मोबाइलवर रस्ता दिसतो, असं मुलगा म्हणाला होता. पण डोंगरात रेंज जाते, हे निमित्त बाईंनी घट्ट धरून ठेवलं आणि मामांना या दुकानात आणलं. त्यांचा हिशोब सोपा होता: यंत्र कानात सांगेल, आपण हातावर सांगू. मामांना काही कळणार नाही.

“अगं, पण मला कुठे ऐकू येतंय?” मामा म्हणाले. ते बॉयलरशेजारी उभे असल्यासारखेच बोलायचे, त्यामुळे हे अख्ख्या दुकानाला कळलं.

बाईंनी तोंड त्यांच्याकडे वळवून सावकाश शब्द उच्चारले. “मला येतं ना. ते मला सांगेल, मी तुम्हाला.”

“मग मधे ते कशाला? पाट्या वाचून तू सांगतेसच की.”

“तिकडच्या पाट्या तिकडच्या भाषेत असतात.”

“मग मोठा पडदाच घेऊ! बाणाला कसली आलीय भाषा? मी बाण बघीन, तू मजेत डोंगर बघ. जन्मभर राबलीस, आता जरा आरामात बस की शेजारी.”

मामा हे प्रेमाने म्हणाले. बाईंना मात्र ते लागलं. आरामात बसायचं म्हणजे मागच्या सीटवरच्या बॅगेसारखं बसायचं. बॅगेला तरी उतरल्यावर कोणी हातात घेतं.

“मला पडदा नको,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. मामांना तो ऐकू आला नाही, दुकानदाराला आला.

दुकानदार तसा भला माणूस होता. “असं करू,” तो म्हणाला, “दोन्ही यंत्रं तुमच्या गाडीत लावून बघू. एक चक्कर मारून या, मीही येतो मागे बसून. आधी काकूंचं बोलकं, मग काकांचं मोठं. कसं?”

बोलकं यंत्र काचेला चिकटलं. मामांनी गाडी काढली. “शंभर मीटरवर उजवीकडे वळा.” बाईंनी दोन टिचक्या मारल्या. गाडी झोकात उजवीकडे वळली. “पुढच्या चौकात डावीकडे वळा.” एक टिचकी. दुकानदार मागे थक्क होऊन बघत राहिला. बाईंच्या जिवात जीव आला. जमत होतं. तळ्यापर्यंत जमलं असतं.

“पाचशे मीटर सरळ जा.”

बाईंनी मामांच्या हातावर तळवा ठेवला. सरळ.

गाडी थोडी पुढे गेली आणि करकचून थांबली. रस्ता खणलेला होता. समोर, अगदी मधोमध, माणसाच्या उंचीची लाल पाटी उभी होती: रस्ता बंद. यंत्राला ती ठाऊक नव्हती. बाईंचा तळवा अजून तसाच होता, निवांत. आणि त्या सरळ त्या पाटीकडे बघत होत्या.

मामा पाटीकडे बघत राहिले. मग बाईंच्या चेहऱ्याकडे. जिने आजवर रस्त्यातला दगड चुकू दिला नव्हता, ती बायको लाल पाटीसमोर शांतपणे ‘सरळ’ म्हणत होती.

“अहो काकू, समोर...” दुकानदार म्हणायला लागला. मामांना ते ऐकू आलं नसणार, पण आरशात त्याचे ओठ हलताना दिसले. त्यांनी हात मागे करून त्याला गप्प केलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“कुत्रं आडवं आलं,” मामा म्हणाले.

मग त्यांनी गाडी मागे घेतली. चांगली लांबपर्यंत मागे घेतली, वळवली आणि दुसऱ्या रस्त्याला लावली. कुत्र्यासाठी कोणी रस्ता बदलत नाही, एवढं बाईंना कळत होतं. त्यांनी तळवा उचलून मांडीवर घेतला. यंत्र ‘मागे वळा, मागे वळा’ म्हणत राहिलं. बाईंनी त्यातलं काहीच पुढे सांगितलं नाही. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटत होती.

दुकानासमोर गाडी थांबली. दुकानदाराने मोठ्या पडद्याचं खोकं पुढे केलं. “आता हे लावू?”

मामांनी खोक्यावरचं चित्र बघितलं. बाण, वळण, चौक, सगळं होतं. त्यांचं निम्मं ओझं त्या खोक्याने उचललं असतं.

“नको,” ते म्हणाले. “हे बोलकंच द्या.”

“काका, नीट विचार करा हं. तुम्हाला यातलं एक अक्षर...”

“मला कशाला ऐकू यायला हवं?” मामांनी बाईंकडे बोट दाखवलं. “रस्त्याचं काम तिच्याकडे आहे.”

यंत्र घेऊन दोघं घरी निघाले. मोठ्या चौकात लाल दिवा लागला आणि गाडी थांबली. मामांनी अंगच वळवलं आणि ते बाईंच्या तोंडाकडे बघू लागले, ओठ वाचताना बघायचे तसे.

“डोंगर तरी दिसतील ना गं तुला?” त्यांनी विचारलं. हळू विचारायचा त्यांचा बेत असावा. शेजारच्या स्कूटरवाल्याने मान वळवून बघितलं.

बाईंना नवऱ्याचे कान दिसले, पांढरे केस दिसले, गळपट्टीशी झिजलेला सदरा दिसला. मधला चेहरा त्यांनी आठवणीने भरून घेतला.

“दिसतील,” त्या म्हणाल्या. “कडेकडेने.”

“काय म्हणालीस?”

वर दिवा हिरवा झाला होता. मामांची पाठ त्याच्याकडे होती आणि बाईंना तो दिसत नव्हता. मागे एक भोंगा वाजला, मग दुसरा, मग सगळ्या रांगेने कल्लोळ केला. तो एकट्या बाईंना ऐकू येत होता. त्यांनी नवऱ्याला चिमटा काढला नाही की टिचकी मारली नाही. तोंड नीट त्यांच्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्या पुन्हा सांगू लागल्या.