उगवतीची अमावास्या

शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट. एकलहऱ्याच्या कॉलनीत तेव्हा घरोघरी घड्याळं नव्हती. कुसाबाईकडे होतं, आणि तिची चूल त्याच्याच तालावर चाले. तिचा नवरा धोंडीराम पावर हाऊसला पाळीनं कामाला होता आणि जमेल त्या वेळी तालमीत जाई. पाळी दर आठवड्याला बदले. मोतीराम वस्तादांचे नियम मात्र बदलत नसत. मेहनतीआधी तीन तास पोटात अन्न नको, मेहनत झाली की दूध, आणि भाकरी त्यानंतर तासाभरानं. हा मेळ घालता घालता चूल दिवसातून चारदा पेटे.

"नवरा केलास का बैल पाळलास गं?" शेजारच्या वत्सलाबाई म्हणत. "वैरणीला उशीर झाला की हंबरतो का?"

"हंबरला तरी बरं व्हईल," कुसाबाई हसत म्हणे. "आवाज तरी कानावर पडंल."

हसण्यावारी नेलं तरी ते खरंच होतं. पैलवानाचा खुराक कुणाच्या नजरेला पडू नये, बायकोच्याही नाही, असं वस्तादांचं सांगणं होतं. धोंडीराम भिंतीकडे तोंड करून बसे. ताट ठेवून ती बाहेर ओट्यावर जाई. नांदगावला माहेरी सगळी एका परातीभोवती बसत, एकमेकांच्या हातची भाकर ओढून घेत. इथे लग्नाला तीन वर्षं होत आली तरी, लग्नात भरवलेला घास सोडला तर तिनं नवऱ्याला जेवताना पाहिलं नव्हतं.

मग तिच्या मनानं एक वाट काढली. अमावास्येला तालीम बंद. मेहनत नाही, म्हणजे त्या दिवशी खुराक नाही, नुसतं जेवण. आणि जेवणाला कोणाची नजर लागायची? पण धोंडीरामची सुट्टी गुरुवारची. तिनं कॅलेंडरची पानं उलटली. अमावास्येचा काळा ठिपका आणि गुरुवार उरलेल्या वर्षात एकदाच, कार्तिकात, जुळत होते. चार महिने तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

त्या गुरुवारी तिनं बाजरीच्या भाकऱ्या, उडदाची आमटी आणि वांग्याचं भरीत केलं. दोन पाट समोरासमोर मांडले. नाशिकरोडला सायकल दुरुस्तीला जातो म्हणून धोंडीराम सकाळीच बाहेर पडला होता. तो दोनला आला आणि दारातच थांबला.

"कोण येणार हाय?"

"कुणी नाय. तुमी आन् मी. आज अमावास्या हाय ना?"

"अगं, ती दुपारनं लागती. वस्ताद उगवतीची धरत्यात, सूर्य उगवताना असंल ती. तालमीला सुट्टी उद्या."

उद्या शुक्रवार. उद्या त्याची पाळी.

"चारला जोर मारायचेत," तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळी आधी तालीम केली, अकरालाच तिथं दूध-केळी घेतली. आता काय चालायचं नाय, कुसा."

ती दुसरं ताट उचलायला वाकली. त्यानं मनगट धरलं.

"राहू दे. तू कवा जेवतीस?"

"तुमचं झाल्यावर. मिळंल तवा."

"आन् तूप?"

"तूप तुमचं असतं."

चुलीजवळची तुपाची वाटी त्यानं स्वतः आणली, तिच्या भाकरीवर जरा जास्तच ओतली आणि समोरच्या पाटावर मांडी घालून बसला.

"जेव. मी बसतो."

"असं बघू नका. लाज वाटती."

"नजर लागंल म्हणतीस?"

ती हसली, आणि हसता हसता ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. पाणी पिऊन तिनं आमटीत भाकरी कुस्करली. तो बघत होता. मध्येच त्याची नजर घड्याळाकडे गेली. ते तिच्या लक्षातून सुटलं नाही. सकाळपासून ती उपाशी होती, तरी तिनं घाई केली नाही. ताट संपलं की तो उठणार होता. म्हणून ती एकेक घास आधीच्यापेक्षा लहान करत गेली.