कुलपाचं माप

गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे नुसतं पाहून बाही कापणाऱ्या बाईला कुलूप निवडायला कितीसा वेळ लागणार? निदान शिवणकाम करणाऱ्या ताईंचा तरी तसाच हिशेब होता. नाटक कंपनीचा मॅनेजर संध्याकाळी पोशाख ठेवायची खोली बघायला येणार होता. खोली सुरक्षित वाटली तर कंपनीचे सगळे पोशाख आणि त्यांच्या डागडुजीचं काम ताईंकडे. नाहीतर समोरचा लाँड्रीवाला टपूनच बसला होता.

कुलपांच्या दुकानात धाकटा भाऊ न बोलावता सोबत आला. सगळ्यांत मोठं, चकचकीत कुलूप तळहातावर तोलून त्याने जाहीर केलं की हे बघूनच चोर परत जाईल.

"चोर काय ते विकत घ्यायला येणारेय?" ताई म्हणाल्या.

त्यांचं गणित वेगळं होतं. कुलपाचा वाकवलेला दांडा लांब असला, की मधल्या फटीत पहार घालून पिळता येतो. दांडा हवा जाड आणि आखूड, दाराच्या कोयंड्याला अगदी अंगाबरोबर बसणारा. त्यासाठी त्यांनी कोयंड्यावर कागद धरून रीतसर बेतलेला नमुनाच आणला होता. वजनावर, रंगावर, गॅरंटीवर कुलूप मागणारी गिऱ्हाइकं दुकानदाराने पाहिली होती. बेतून आणणारं हे पहिलंच. त्याने मापाचं कुलूप काढून दिलं.

घरी येऊन लावलं, तर ते थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा तसं लोंबायला लागलं. भावाने टेबलावरची कात्री उचलली आणि तिचं टोक फटीत सरकवलं. गेलं की आत.

ताईंनी नमुना पुन्हा पाहिला. हाताने सवयीप्रमाणे चहूबाजूंनी शिवणीपुरता जास्तीचा कागद सोडला होता.

"ताई, कोयंडा बाळसं धरणारेय का?" भावाने विचारलं.

"तू दारात बस," ताई म्हणाल्या. आतल्या बाजूचे नट सोडवून त्यांनी कोयंडाच काढला, पिशवीत टाकला आणि दुकान गाठलं. या खेपेला माप सांगायच्या भानगडीत न पडता एकेक कुलूप त्याच्या अंगावर चढवून पाहिलं. एक अस्सं बसलं की मध्ये सुई शिरेना. वापरलेलं कुलूप दुकानदार परत घेईना. ताईंनीही हुज्जत घातली नाही.

परत येतात तो मॅनेजर दारात ताटकळलेला. भाऊ स्टुलावरून हलला नव्हता. कुलूप बाजारात गेलंय, तोवर मीच कुलूप, असं त्याने मॅनेजरला ऐकवलं होतं.

"पहिलं ढिलं झालं, माप माझं चुकलं," ताईंनी सरळ सांगितलं आणि कोयंडा बसवून नवं कुलूप लावलं. मॅनेजरने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. कंपनीचे दोन पेटारे कुलपाच्या फटीतूनच फुटले होते, त्यामुळे हे अवजार तो बरोबरच बाळगायचा. वरून, खालून, बाजूने खुपसून पाहिला. शिरायला जागाच नव्हती.

"पेटारे उद्या सकाळी पाठवतो," तो म्हणाला. "आधी राणीचा घागरा घ्या. बाई सिंहासनावर बसल्या की उसवतो."

"पाठवा. तिथे मोकळं सोडायची मला सवय आहे."

ढिलं कुलूप बिस्किटांच्या कपाटाला लागलं. दारं ओढली, की मधून हात आत जातो, हे भावाला चहाच्या आधीच कळलं होतं. ताईंनाही. त्या मशीनवर मान खाली घालून हसल्या आणि त्यांनी ते चालवून घेतलं.