जुनं वायरिंग

धाकट्यानं खिशातून टेस्टर काढला, डॉक्टरांच्या टेबलावर मघापासून उघडझाप करणाऱ्या दिव्याचा प्लग उपसला आणि आतला सैल स्क्रू पिळून तो परत बसवला. दिवा शहाण्यासारखा लागून राहिला.

"वा! महिनाभर सांगतोय मी आमच्या माणसाला," डॉक्टर म्हणाले.

"साधं काम होतं, सर."

शेजारच्या खुर्चीत ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. याच हातांनी त्यानं घरातले एकूण एक बोर्ड उचकटले होते आणि भिंतींतून वायरी ओढून काढल्या होत्या. का, तर वायरींतून माणसं बोलतात. रात्रभर त्यांना उत्तरं देत तो अंधारात फिरायचा. आणि इस्पितळाचा उंबरा ओलांडला रे ओलांडला, की स्वारी अशी वागे, की कुणीही जावई करून घ्यावा. आधीच्या दोन ठिकाणांहून त्यांना असंच परत पाठवलं होतं. एकानं तर "भाऊ किती सालस आहे हो तुमचा" असं वर ऐकवलं होतं. या तिसऱ्यानं तरी त्याला दाखल करून घ्यावं, एवढ्यासाठी ती सकाळपासून रांगेत ताटकळली होती.

"भिंती का उकरल्या?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"वायरिंग जुनं होतं. अर्थिंगही नाही. ताईला एखाद दिवशी शॉक बसला असता."

डॉक्टरांनी मान डोलावली. इलेक्ट्रिशियनच तो, त्याला कोण खोटं पाडणार?

"काही जुनं नाही," ताईचा आवाज चढला. "गेल्या वर्षी यानंच नवं केलं. मेणबत्ती लावून भाजी चिरते मी. तुमच्यापुढे हा गायीसारखा बसतो आणि वेडी मी ठरते!"

टेबलावर तिचा हात एवढ्या जोरात आपटला, की नर्स दारातून डोकावली.

"शांत व्हा. तुम्ही नीट झोपलात कधी?"

"झोपू कशी? रात्रभर याच्या येरझारा."

"हं." डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढली. "तुम्हाला फार ताण आलाय. तूर्त तुम्हालाच झोपेच्या गोळ्या देतो. भावाला पुढच्या महिन्यात आणा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. वाद घालायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं पर्स उचलली.

धाकट्यानं चिठ्ठीवर हात ठेवला.

"तिला गोळ्या नकोत, सर."

"का?"

त्याची मघाची ऐट कुठल्या कुठे गेली होती.

"तिला गाढ झोप लागेल. ती जागी असते, म्हणून मी निभावतो."

"काय निभावता?"

"ते सांगतात, ते न करणं." त्यानं ताईकडे पाहिलं नाही. "रोज तिचं नाव घेतात. मला इथंच ठेवून घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि फोन उचलून वॉर्डात खाट विचारली. एवढं घडावं म्हणून ताईनं इतके उंबरे झिजवले होते. आता ते घडत होतं.

"तसं नाही हो, डॉक्टर," ती घाईघाईनं म्हणाली. "वायरिंग जुनंच होतं आमचं. खरंच जुनं होतं."

"ताई, पुरे," धाकटा म्हणाला. "घरी जा आता. झोप जरा."