पायापाशी जागा नाही

माझ्या धाकट्या भावाने आज सकाळी मोपेड देऊन मोटरसायकल घेतली. मोपेडवर त्याला मित्र हसायचे म्हणे. शिवाय बाबांनी जन्मभर मोटरसायकलवर टपाल वाटलं, मग पोराने मोपेड का चालवावी? पण त्याच मोपेडवर पायापाशी बाबांचा ऑक्सिजनचा सिलिंडर उभा राहायचा. गुडघ्यांत धरला की निमूट घरी यायचा.

"दुसरा सिलिंडर भरून आणलास ना?" मी विचारलं.

तो हातातल्या नव्या किल्लीकडे बघत राहिला. "आज जाणारच होतो, ताई."

बाबांच्या उशाशी लावलेल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आला होता. सिलिंडर भरून देणाऱ्या डेपोचा फोन नुसता वाजत होता. टॅक्सीवाल्याने सिलिंडर पाहिला आणि काच वर केली. शेजारच्या काकूंच्या स्कूटरला पाय ठेवायला ऐसपैस जागा आहे, पण काकू ती घेऊन कामावर गेलेल्या. आमच्या दारात चकचकीत मोटरसायकल, आणि नेमकी मधोमध पेट्रोलची टाकी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

सिलिंडर मागच्या सीटवर बांधून पाहिला, तर दोरी सरकली. शेवटी मीच मागे बसले, रिकामा सिलिंडर त्याच्या पाठीशी आणि माझ्या पोटाशी दाबून. "चल."

गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. मोपेडला काय, मूठ पिळली की निघाली. हिला गिअर, हिला क्लच, आणि आमच्या शहाण्याने क्लच कधी हातात धरलेला नाही; सकाळी गाडी दारात आणून दिली तीही दुकानवाल्याने.

"चालवता चालवता शिकेन म्हटलं होतं," तो रडवेला झाला.

वर बाबांची खिडकी उघडी होती. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली. "मेल्या, काहीही कर, पण ने."

कशी कोण जाणे, गाडी निघाली. वाटेत प्रत्येक सिग्नलला बंद पडली, मागचे शिव्या देत राहिले. येताना भरलेला सिलिंडर बरगड्यांत रुतत होता आणि मी देवाला नाही नाही ती वचनं देत होते.

बाबांचे ओठ निळे पडले होते. मी नळी भरलेल्या सिलिंडरला जोडली, त्याची चावी फिरवली. आधी काहीच फरक दिसेना. मग छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आई पलंगाला धरून खाली बसली.

बाबांचा डावा हात मात्र चादरीवर हलत होता. मूठ मिटायची आणि अगदी सावकाश उघडायची.

"हे काय करतायत?" भावाने विचारलं.

"तुझी गाडी खाली बंद पडायला लागली ना, तेव्हापासून चाललंय," आई म्हणाली. "मला म्हणाले, सांग त्याला, क्लच हळू सोडायचा. मी म्हटलं, बोलू नका, आहे तो श्वास पुरवा. मग हाताने सांगायला लागले."

भावाने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. "कळलं, बाबा. आलो आम्ही."

तेव्हा कुठे हात निवांत झाला.